शोना

कुडचड्याला, स्टेशनसमोरच्या आमच्या पेढीवर
मी हिशेब लिहिते. माडीवर कारागीर बसतात.
अनादी माइती नवा आला तेव्हा आडनाव
मी 'माहिती' असं लिहिलं.
पगारपत्रकात अजून तेच आहे.

गाव घाटालकडचं. पावसात तिकडे
होडीतून बाजाराला जातात म्हणे.

पहिल्या दिवशी त्याचा मोबाइल वाजत होता,
पितळेच्या वाटीत उभा केलेला, आवाज मोठा व्हावा म्हणून.
मी जिना चढून गेले, वजनं विचारायला,
नीट ऐकू येईना, फोनकडे हात नेला,
तर तो कळवळून म्हणाला,
दीदी, बोंधो कोरो ना.
एवढ्या आर्जवानं सांगतोय माणूस, बंद करा ना!
मी केलं बंद.
त्याच्या तोंडातली बंकनळी तशीच राहिली,
ज्योत वाकडी होऊन सरळ झाली.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.
मग पॉलिशवाला रुझार हसून हसून खोकायला लागला.
"अगे बाय, बंद करूं नाका म्हणटा तो!"

शेवटचा तेवढा 'ना'.
आपल्यात विनवणी, त्यांच्यात नकार.
तीन दिवस मी एका माणसाचं गाणं
त्याच्याच शब्दानं विझवत होते.

तेव्हापासून बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर
उतरवून घेते.
की गान शुनछो? काय ऐकतोयस.
गान शुनछी. गाणं ऐकतोय, किंवा ऐकतेय,
त्यांच्या क्रियापदाला बाईपुरुष नसतो,
मी दोन्हीकडून म्हणून पाहिलं, एकच निघालं.
भालो लागछे. छान वाटतंय.
मला मात्र दर वेळी भाला दिसतो, बरगडीत लागलेला,
आणि काही गाण्यांना तो अर्थही चालतो.
एइ गानटा आगे शुनिनि. हे आधी ऐकलं नव्हतं.
म्हणजे 'आगे' हा शब्द तिकडे मागे बघतो.
खाली दोन रेघा मारल्या.

"आणि नुसतं ऐकणं?"
"शोना."
"आणि हे?" चिमट्यातली मंगळसूत्राची वाटी.
"शोना."
"हे रे, हे. भांगर. सोनं."
"हाँ दीदी. शोना."
लिहिताना निराळं, म्हणाला, बोलताना एकच.
आणि पुन्हा डाग द्यायला वाकला,
जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतं.
आमच्या चार पिढ्या सोन्यात गेल्या.
घरात भांगर, बिलावर सोनं, गिऱ्हाइकाशी गोल्ड,
यातल्या एकाही शब्दाला कान नव्हता.

एकदा म्हणाला, शोनो.
तेच गाणं, वाटीतलं, आता मलाही पाठ झालेलं.
"भालो लागछे," मी म्हणाले, शहाण्यासारखी.
त्यानं मान हलवली. गाणं नाही, त्याच्या मागचं.
मागे कुकरची शिट्टी होती. झाकण पडल्याचा आवाज.
कोंबडी, बहुतेक.
आणि एक बाई कुणालातरी रागावत होती, अर्ध्यावरच गप्प झाली,
फोन चालू आहे हे आठवून.
रेडिओवरचं गाणं तिनं स्वयंपाकघरात टिपून पाठवलं होतं.
गाणं कुठेही मिळालं असतं.

परवा झारेकरी आला. वर्षातून एकदा येतो,
माडीवरची झाडलेली धूळ विकत नेतो,
पायपुसणंसुद्धा. जाळतो, धुतो, रवे काढतो.
मी वहीत लिहिलं, धूळ, साडेतीन किलो.
पुढच्या रकान्यात, किती निघेल तो अंदाज,
तिथे पेन थांबलं.
त्या धुळीत तो कुकरही असणार,
माझे ते पहिले तीन दिवसही.

वरून कुणीतरी ओरडलं, आबार चालाओ!
पुन्हा लाव.
रुझार होता.